खलाशाच्या हाताचे मारेकरी

दीड-दोन इंचांचा लोखंडी गळ तळहातात शिरला म्हणून कोणाचा हात जात नाही. तो गळ रीतसर काढला, जखम स्वच्छ पाण्याने भरपूर धुतली, धनुर्वाताची लस टोचली आणि हाताला चार दिवस विसावा दिला, तर धडधाकट माणूस थोड्याच दिवसांत पुन्हा जाळे ओढायला उभा राहतो. मग डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत बंदराबंदरावर आखडलेल्या बोटांची, मूठ न मिटणाऱ्या हातांची, पेरे गमावलेली माणसे का दिसतात? त्यांना समुद्राने अपंग केले, असे सांगण्याची आपल्याकडे रीत आहे. ही रीत खोटी आहे आणि ज्यांच्या सोयीची ती आहे त्यांनीच ती रूढ केली आहे. खलाशाच्या हाताचा घात होतो तो जखमेनंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत, आणि तो करणारी मंडळी जमिनीवर सुखरूप बसलेली असतात. नौकेचा मालक, मत्स्यव्यवसाय खाते, आरोग्य खाते आणि जखम न उघडता टाके घालणारा डॉक्टर, या चौघांवर आम्ही हा आरोप उघडपणे ठेवीत आहोत.

नौकेवर काय घडते ते जरा जवळून पाहा. सुरमई, घोळ, वाम यांच्यासाठी लांब दोरीला ठरावीक अंतरावर गळांची रांग बांधलेली असते. दोरी पाण्यात सुटत असते तेव्हा नौका पुढे चाललेली असते. दोरीला ताण असतो, पायाखालच्या फळ्यांवर पाणी आणि मासळीचा बुळबुळीत थर असतो आणि डोळ्यांत अर्धवट झोप असते. एका गळावर आमिष नीट बसले नाही म्हणून खलाशी हात घालतो. तेवढ्यात पुढची दोरी खेचली जाते आणि गळ अंगठ्याच्या बुडाशी मांसात शिरतो. नौका जागच्या जागी थांबत नाही. ताणलेली दोरी माणसाला हातासकट कठड्याकडे ओढू लागते, कोणीतरी ओरडतो, कोणीतरी सुरी घेऊन धावतो आणि दोरी कापली जाते. ट्रॉलरवर तऱ्हा वेगळी. तिथे विंचवरून धावणाऱ्या वायररोपचे तुटलेले तंतू तळव्यात घुसून आतच मोडतात. मोठा मासा वर घ्यायची लोखंडी आकडी निसटते आणि पोटरीत जाते. जाळे रिकामे करताना शिंगाळ्याचा काटा बोटात मोडतो, पाकटाची शेपटी घोट्यावर बसते.

आणि मग उपचार सुरू होतो! नौकेचा म्होरक्या, म्हणजे तांडेल, पक्कड आणतो. दोघे हात दाबून धरतात आणि तिसरा सगळा जोर लावून गळ आला त्याच वाटेने मागे ओढतो. गळाच्या टोकामागे उलटी अणी असते. तोंडात अडकलेला मासा सुटू नये, यासाठीच ती घडवलेली असते. माणसाच्या मांसातून ती उलटी ओढली की वाटेतली रक्तवाहिनी, मज्जातंतू, बोटे वाकवणारी कंडरा, जे सापडेल ते फाडत ती बाहेर येते. त्या जखमेवर मग डिझेल ओततात, हळद दाबतात, चुना भरतात, इंजिनाजवळ लोंबणारे फडके बांधतात. तासाभराने तोच खलाशी बर्फातल्या मासळीत पुन्हा हात घालतो, कारण खेप संपायला अजून काही दिवस असतात आणि वाटा बुडाला तर गावाकडे पाठवायला पैसा उरत नाही. या माणसांना आम्ही अडाणी म्हणणार नाही. ज्ञान पोचवण्याची जबाबदारी ज्यांची होती त्यांनी ती टाळायची आणि वर ज्याला ते मिळाले नाही त्यालाच बोल लावायचा, हा नीचपणा आहे.

गळ काढण्याची विद्या काही काल-परवाची नाही. दोऱ्याने गळ काढण्याची रीत १९६१ साली ऑस्ट्रेलियाच्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. ती एखाद्या दहावी नापास मुलालाही अर्ध्या तासात शिकवता येते. जखमी भाग फळीवर घट्ट टेकवायचा. गळाच्या वाकाला मजबूत दोरा अडकवायचा. गळाची दांडी बोटाने कातडीच्या दिशेने खाली दाबून धरायची, म्हणजे रुतलेली अणी मांसातून मोकळी होते. मग समोर कोणी उभे नाही हे पाहून दोरा कातडीला समांतर असा एका झटक्यात खेचायचा. गळ निघून येतो आणि अणी काही फाडत नाही. वरवर रुतलेल्या लहान-मध्यम गळासाठी ही रीत पुरते. गळ खोल असेल तर काम डॉक्टरचे. भूल देऊन टोक पुढे ढकलायचे, कातडीतून बाहेर काढायचे, अणी वायरकटरने तोडायची आणि उरलेला गळ मागे घ्यायचा. दांडीवरही अण्या असतील तर दोरी बांधायचे टोक तोडून गळ पुढूनच बाहेर काढायचा. आणि गळ डोळ्याजवळ, सांध्यात किंवा मनगटाच्या धमनीपाशी असेल तर कोणी हात लावायचा नाही. दोरी कापून, गळ हलणार नाही असा बांधून माणसाला थेट शल्यविशारदापुढे न्यायचे. हीच गोष्ट आकडीची आणि मांडीत घुसलेल्या कोणत्याही मोठ्या लोखंडाची. ते लोखंडच पुष्कळदा फाटलेली धमनी दाबून धरून असते. उपटले की रक्ताचा लोट सुटतो आणि किनारा दिसण्याआधी माणूस संपतो.

ही साठ वर्षांहून जुनी, फुकटची विद्या आमच्या तांडेलापर्यंत का पोचली नाही? त्याच काळात त्याच्यापर्यंत जपानी इंजिन पोचले, नायलॉनचे जाळे पोचले, मासळीचे थवे दाखवणारे यंत्र पोचले, उपग्रहावरून ठिकाण सांगणारे जीपीएस पोचले. ज्या वस्तूने मासळी वाढते ती प्रत्येक वस्तू या किनाऱ्यावर आली. मासळी धरणारा हात वाचवणारी वस्तू तेवढी आली नाही. याला योगायोग म्हणत नाहीत, याला हिशेब म्हणतात. त्या हिशेबात खलाशाचा हात कोणी जमेला धरलेलाच नाही.

गळ निघाला म्हणजे संकट टळले, असे मानणे हा तर दुसरा घात आहे. समुद्राच्या पाण्यात, माशांच्या अंगावरच्या चिकट थरात जे जंतू असतात ते शहरातल्या रस्त्यावर पडून झालेल्या जखमेत नसतात. व्हिब्रिओ व्हल्निफिकस नावाचा जंतू उबदार, निमखाऱ्या पाण्यात वाढतो. यकृत बिघडलेल्या माणसाच्या जखमेत तो शिरला तर हात काळानिळा पडून एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. त्याला डॉक्सिसायक्लिन आणि तिसऱ्या पिढीचे सेफॅलोस्पोरिन लागते, नेहमीच्या दोन गोळ्यांनी तो हलत नाही. मासळी हाताळणाऱ्यांच्या बोटांवर जांभळट, ठणकणारी सूज आणणारा एरिसिपेलोथ्रिक्स हा जंतू साध्या पेनिसिलिनला शरण येतो, पण आधी तो डॉक्टरला आठवावा लागतो. आणि क्षयाच्या जंतूचा भाऊबंद असलेला मायकोबॅक्टेरियम मरिनम तर आठवडेच्या आठवडे दडून बसतो. जखम भरल्यावर महिन्याभराने त्या जागी गाठ येते, मग हातावर चढत जाणारी गाठींची रांग येते. प्रयोगशाळेत हा जंतू नेहमीच्या तापमानाला नीट वाढत नाही, त्याला तीस अंशांच्या आसपासची ऊब लागते. ‘रोगी मासळीच्या धंद्यातला आहे’ हे एक वाक्य डॉक्टरने चिठ्ठीवर लिहिले नाही तर तपासणी कोरी येते आणि माणूस भलत्याच औषधांवर महिने काढतो.

रोग म्हशीला आणि औषध पखालीला, असा कारभार आमच्या दवाखान्यांत चालला आहे. साध्या, वरवरच्या, स्वच्छ धुतलेल्या गळाच्या जखमेला प्रतिजैविक सरसकट लागत नाही, तिथे पुडीभर गोळ्या बांधून दिल्या जातात. जिथे काटा कंडरेच्या आवरणात शिरला आहे, जिथे रोगी मधुमेही आहे, जिथे हात दोन दिवस बर्फात होता, तिथेही त्याच गोळ्या. शिवाय वर घट्ट टाके! अरे, मासळीच्या पाण्याने भरलेली, अरुंद आणि खोल जखम वरून शिवून टाकणे म्हणजे आतल्या पुवाला कोंडून ठेवणे. अशी जखम उघडी ठेवायची, धुवायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहायची, हे वैद्यकाच्या कोणत्याही विद्यार्थ्याला परीक्षेत विचारले तर तो घडाघड सांगेल. पण रात्री साडेअकराला धक्क्यावरून आलेल्या, अंगाला मासळीचा वास येणाऱ्या परप्रांतीय पोरासमोर तोच विद्यार्थी डॉक्टर झाल्यावर ते का विसरतो? रोग्याच्या अंगाच्या वासावरून उपचाराची प्रत ठरत असेल, तर त्या पदवीला वैद्यकाची पदवी म्हणायला आम्ही तयार नाही.

हातातला पू कसा ओळखायचा, हे शिकागोच्या ॲलन कानाव्हेल या शल्यविशारदाने शंभर वर्षांपूर्वी लिहून ठेवले आहे. बोट सगळ्या लांबीभर सारखे सुजलेले, किंचित वाकलेल्या अवस्थेतच विसावलेले, कंडरेच्या वाटेवर दाबले की ठणकणारे आणि दुसऱ्याने हलकेच सरळ केले तरी किंचाळायला लावणारे. ही चार लक्षणे दिसली की त्या बोटाचे भवितव्य तासांवर आलेले असते. शस्त्रक्रिया करून आवरण उघडून धुतले तर बोट वाचते. ‘उद्या सकाळी साहेब येतील’ म्हटले तर कंडरा सडते, आखडते, आणि पुढे ते बोट मधेच येते म्हणून माणूस स्वतःच डॉक्टरला ‘काढून टाका’ म्हणू लागतो. चार लक्षणे तपासायला ना यंत्र लागते, ना पैसा. लागतात दोन मिनिटे आणि समोरचा माणूस माणूस आहे, एवढी जाणीव. भूल देण्याआधी बोटाच्या दोन्ही बाजूंना स्पर्श कळतो का हे विचारायला तर तेवढेही लागत नाही. तरीही कापलेला मज्जातंतू महिन्यांनंतर उघडकीस येतो, कारण पहिल्या रात्री कोणी विचारलेच नाही.

पाकटाच्या आणि शिंगाळ्याच्या काट्याची कथा याहून संतापजनक आहे, कारण तिथला पहिला उपचार गरम पाणी हा आहे. या काट्यांवरचे विष उष्णतेने निकामी होते. सोसवेल इतक्या, पंचेचाळीस अंशांपलीकडे न जाणाऱ्या पाण्यात जखमी पाय किंवा हात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवला की जिवाचा आकांत करायला लावणारी कळ उतरते. पाण्याचा कढतपणा आधी न दुखावलेल्या हाताने पाहायचा, म्हणजे भाजण्याची भीती नाही. मग काट्याचा तुकडा आत राहिला आहे का, यासाठी एक्स-रे काढायचा. नौकेवर स्टोव्ह असतो, भाताचे टोप असते, पाणी असते. नसतो तो फक्त हे सांगणारा एक माणूस. त्या एका माणसाअभावी खलाशी पाकटाच्या विषाने रात्रभर तळमळतो आणि पहाटे त्याच्या जखमेवर तंबाखू बांधली जाते.

आता नौकामालकांकडे वळू. ‘धंदा परवडत नाही’ हे त्यांचे पालुपद आम्हांला पाठ आहे. डिझेल महागले, मासळी घटली, एलईडीच्या झोतात मासेमारी करणाऱ्यांनी समुद्र ओरबाडला, हे सारे खरे आहे, आणि त्या प्रश्नांवर या स्तंभातून आम्ही छोट्या मच्छीमारांची बाजू घेत आलो आहोत. पण वायरकटर, मजबूत दोऱ्याचे रीळ, निर्जंतुक पट्ट्या, साबण, राखून ठेवलेले गोडे पाणी आणि जाड हातमोजे यांचा खर्च एका खेपेच्या बर्फापुढे किती? इंजिनाचा सुटा भाग मोडू नये म्हणून जादाचा भाग नौकेवर ठेवता. खलाशाच्या बोटाचा जादाचा भाग कोणत्या दुकानात मिळतो? बरे, हात सुजलेल्या खलाशाला किनाऱ्यावर उतरवून हातावर पाचशेची नोट ठेवायची, दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी दुसरा भरायचा आणि हिशेबात ती नोटही उचल म्हणून मांडायची, ही कोणत्या दर्यावर्दी परंपरेत बसणारी माणुसकी आहे? नारळी पौर्णिमेला दर्याला सोन्याचा नारळ वाहणाऱ्यांनी आपल्याच नौकेवरच्या माणसाचे रक्त डिझेलने पुसावे, हे दर्यालाही मान्य होणार नाही.

आणि सरकार? सरकारच्या पदरात श्रेय घालायला आम्ही कुचरणार नाही. २०२० साली वीस हजार पन्नास कोटींची प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना आली. २०२३ साली महाराष्ट्राने पापलेटला राज्यमासा म्हणून गौरवले. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्ये पंतप्रधानांनी एक लाख मासेमारी नौकांवर ट्रान्सपॉन्डर बसवण्याच्या योजनेचा प्रारंभ केला. २०२५ साली राज्याने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. भारतातून वर्षाला साठ हजार कोटी रुपयांहून अधिक किमतीची सागरी उत्पादने परदेशी जातात आणि त्या आकड्याने मंत्र्यांची भाषणे सजतात. माशाला मान मिळाला, नौकेला यंत्र मिळाले, व्यवसायाला दर्जा मिळाला. हाताला काय मिळाले? विमा! मृत्यू आला किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले तर पाच लाख, कायमचे अंशतः अपंगत्व आले तर अडीच लाख, अपघाताने रुग्णालयात पडावे लागले तर पंचवीस हजार. विमा हवाच, पण विमा हात गेल्यानंतर येतो. तो जाऊ नये यासाठीची तरतूद कुठे आहे? वाकून कायमचे आखडलेले बोट अपंगत्वाच्या कोणत्या रकान्यात बसवता? नेपाळहून येऊन रत्नागिरीच्या नौकेवर राबणाऱ्या पोराचे नाव विम्याच्या यादीत कोणी घालायचे? परवान्याच्या वेळी नोंदणी क्रमांक पाहता, जाळ्याची आस मोजता. औषधाच्या पेटीचे झाकण कोणत्या अधिकाऱ्याने उघडून पाहिले आहे?

मासेमारी हा इतर व्यवसायांच्या तुलनेत धोक्याचा व्यवसाय आहे, हे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने मासेमारी कामगारांविषयीच्या २००७ च्या कराराच्या प्रस्तावनेतच लिहिले. त्या कराराचे एकोणतिसावे कलम काय मागते? नौकेवर योग्य वैद्यकीय साधने आणि औषधे असावीत. निदान एका माणसाला प्रथमोपचाराचे शिक्षण असावे. किनाऱ्याशी संपर्काची सोय असावी. गंभीर जखमी माणसाला वेळेत किनाऱ्यावर आणून उपचार मिळावेत. यात अवाजवी काय आहे? हा करार नोव्हेंबर २०१७ पासून अमलात आहे. आपल्यासारखाच गरीब खलाशांच्या घामावर मासळी निर्यात करणाऱ्या थायलंडने २०१९ साली त्यावर मोहोर उठवली. भारताने अजून उठवलेली नाही. जगातल्या मोठ्या मत्स्योत्पादक देशांत स्वतःची गणना करणाऱ्या देशाला एका मलमपट्टीच्या पेटीची हमी द्यायला एवढी वर्षे पुरू नयेत, ही शरमेची गोष्ट आहे.

दर्या तोच, किनारा तोच, पण पंक्तिप्रपंच पाहा. रत्नागिरीचाच एखादा मुलगा व्यापारी जहाजावर नोकरीला लागला तर पहिल्या दिवसाआधी त्याला प्रथमोपचाराचे शिक्षण सक्तीने घ्यावे लागते, जहाजावर औषधांची पेटी असते, जागतिक आरोग्य संघटनेचे जहाजांसाठीचे वैद्यकीय मार्गदर्शक पुस्तक असते आणि अडल्यास बिनतारी संदेशावर डॉक्टरचा सल्ला मिळतो. १९३५ साली रोममध्ये समुद्रातल्या जहाजांना रेडिओवरून मोफत वैद्यकीय सल्ला देणारे केंद्र उभे राहिले आणि बिनतारी संदेशाचा जनक मार्कोनी त्याचा पहिला अध्यक्ष झाला. तेव्हा आमच्या होड्यांवर शीड होते. आज त्याच होड्यांवर उपग्रहाशी बोलणारे ट्रान्सपॉन्डर बसत आहेत. ज्या यंत्रावरून वादळाची सूचना खाली येते, त्याच यंत्रावरून ‘तळहातात गळ, कंडरेजवळ, काय करू?’ हा संदेश वर का जाऊ नये? जीव जाण्याची वेळ आली तर तटरक्षक दलाचा १५५४ क्रमांक आहे आणि त्या दलाचे जवान जिवावर उदार होऊन माणसे उचलून आणतात. पण गळाच्या जखमेला हेलिकॉप्टर लागत नाही. तिला लागतो वेळेवर सांगितलेला चार वाक्यांचा सल्ला आणि तो देणारा, जागा असलेला एक डॉक्टर.

धनुर्वाताचा प्रश्न तर सरकारी अनास्थेचा नमुनाच आहे. माता आणि नवजात बालकांच्या धनुर्वाताचे निर्मूलन भारताने २०१५ साली केले. खेड्यापाड्यांतल्या परिचारिकांनी आणि आशाताईंनी पायपीट करून मिळवलेले ते यश आहे आणि त्याचा आम्हांला अभिमान वाटतो. पण राष्ट्रीय लसीकरणात दहाव्या आणि सोळाव्या वर्षीच्या मात्रेनंतर पुरुषाला पुन्हा कोणी विचारत नाही. पस्तिशीतला खलाशी, ज्याच्या हाताला हंगामभर गंजके लोखंड टोचते, त्याची शेवटची लस कधी झाली हे त्यालाही आठवत नाही. घाणेरड्या जखमेत शेवटच्या मात्रेला पाच वर्षे उलटली असतील तर पुन्हा मात्रा लागते, आणि ज्याचे लसीकरण पूर्ण झालेलेच नाही त्याला तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शनही लागते. हे सारे बंदरालगतच्या प्रत्येक आरोग्य केंद्रात रात्रीही मिळायला हवे. ‘शीतपेटीची किल्ली फार्मासिस्टकडे आहे, तो सोमवारी येईल’ हे उत्तर यापुढे गुन्हा मानले पाहिजे.

आणि या सगळ्यात किनाऱ्यावरच्या बायकांचे नाव कोण घेतो? १८७५ साली बांधलेल्या ससून डॉकवर पहाटेपासून कोळंबी सोलणाऱ्या, मासळी निवडणाऱ्या शेकडो बायकांच्या बोटांत कोळंबीच्या डोक्याची आरी, शिंगाळ्याचे काटे, जाळ्यात राहिलेले गळ रोज रुततात. बर्फाच्या पाण्याने कातडी फुगलेली असते, टोचलेले कळतही नाही. संध्याकाळी बोट ठणकू लागते, आणि दुसऱ्या दिवशी तीच बाई बोटाला चिंधी गुंडाळून टोपलीपाशी बसते, कारण तिचे हातावर पोट आहे आणि मजुरी टोपलीवर मोजली जाते. या डॉकपासून जे. जे. रुग्णालय काही कोसांवरसुद्धा नाही. याच जे. जे. त डॉ. नोशीर अंतिया यांनी कुष्ठरोग्यांच्या, समाजाने टाकून दिलेल्या माणसांच्या हातांवर शस्त्रक्रिया करून त्यांना पुन्हा कामाला लावले. ज्या मुंबईने वाळीत टाकलेल्या हातांना बोटे परत दिली, त्या मुंबईत कोळणीचे बोट साध्या काट्याने सडावे? ही त्या थोर परंपरेची विटंबना आहे.

‘खलाशी उशिरा येतात, आम्ही काय करणार?’ असे आरोग्य खाते म्हणेल. ते उशिरा येतात कारण लवकर येण्याची वाट तुम्ही ठेवलेली नाही. ‘खलाशी हातमोजे घालत नाहीत’ असे मालक म्हणतील. जाळ्याची गाठ बोटांना कळणार नाही असे जाडजूड रबर कोणी घालणार नाही. कापाला दाद न देणारे आणि तरी बोटांना मोकळीक देणारे हातमोजे बाजारात मिळतात, ते आणा, मग बोला. ‘पूर्वीपासून असेच चालत आले आहे’ असे काही जुनी मंडळी म्हणतील. पूर्वी देवीने गावे ओस पडत, तेही पूर्वीपासूनच चालत आले होते. परंपरा म्हणून माणसाचा हात जाऊ देण्याचा अधिकार कोणाच्या बापाला नाही.

१ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या एकसष्ट दिवसांत यांत्रिक नौका बंदरात नांगरलेल्या असतात. मासळीच्या प्रजननासाठी राखलेला हा काळ माणसाच्या रक्षणासाठीही राखा. आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. बंदीच्या काळात राज्याच्या मत्स्यव्यवसाय प्रशिक्षण केंद्रांत प्रत्येक यांत्रिक नौकेच्या एका माणसाला गळ काढणे, रक्तस्राव थांबवणे, जखम धुणे आणि कधी हात लावायचा नाही हे सरावाने शिकवा. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात, खलाशी गावाहून परततात तेव्हा, धक्क्यावरच लसीकरणाची टेबले मांडा. नौकेवरच्या पेटीची यादी राजपत्रात छापा आणि वर मराठी, हिंदी, कन्नड आणि नेपाळी अशा चार भाषांतला चित्रांचा तक्ता चिकटवा. अलिबाग, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग येथे आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. तिथे हाताच्या शस्त्रक्रियेचा विभाग उभा करा आणि समुद्रातून आलेल्या संदेशाला चोवीस तास उत्तर देणारा डॉक्टर नेमा. बंदरालगतच्या प्रत्येक रुग्णालयात समुद्री जखमेच्या उपचाराची एक पानाची नियमावली भिंतीवर लावा आणि तिच्याविरुद्ध टाके घालणाऱ्याला जाब विचारा. जखमी खलाशाला विश्रांतीच्या दिवसांचा वाटा मालकाने आणि विम्याने मिळून द्यावा. आणि दिल्लीने मासेमारी कामगारांच्या करारावर आणखी एक वर्षही न दवडता मोहोर उठवावी.

मच्छीमार सहकारी संस्थांना आमचे वेगळे सांगणे आहे. सवलतीच्या डिझेलचा व्यवहार तुमच्या हातून होतो. सरकारची वाट पाहू नका. येत्या १ ऑगस्टला ज्या नौकेवर पेटी नाही, शिकलेला माणूस नाही आणि ज्या नौकेच्या खलाशांनी लस घेतलेली नाही, तिला डिझेल देऊ नका. मालक मोठा असो, पुढारी असो, संस्थेचा अध्यक्षच असो, त्याची नौका धक्क्याला बांधलेलीच राहू द्या. एक हंगाम हे करून दाखवा, दुसऱ्या हंगामाला सरकार नियम घेऊन तुमच्या दारात येईल. आणि खलाशी बांधवांनो, तुम्हीही पेटी पाहिल्याशिवाय फळीवर पाय ठेवू नका. तुमच्या हाताशिवाय एकही नौका बंदर सोडू शकत नाही, हे मालकाला पक्के ठाऊक आहे. आता ते त्याला तोंडावर सांगा.